ही बाजू वर

वाडीबंदरच्या तीन नंबर शेडमध्ये
मामा पेट्यांवर अक्षरं मारायचा.
पर्शराम मयेकर. एरवी दुकानांच्या पाट्या,
कधी एखाद्या गलबताचं नाव;
पण त्या साली पाट्यांची हौस कुणाला नव्हती
आणि दोस्ताच्या लढाईला पेट्या पुरत नव्हत्या.

दोस्त म्हणजे कोण, ते नौशीरजी स्टोअरकीपरनी सांगितलं:
"बसऱ्याला उतरणार, पुढे ट्रक, पुढे डोंगर, पुढे बरफ."
बरफ म्हणताना त्यांनी हात असा हलवला
जसा काही तो शेडच्या मागेच पडलाय.

पेटीमागे एक पैसा.
मी पत्र्यात अक्षरं कापायचो, मामा ब्रश आपटायचा.
काजळी नि जवसाचं तेल,
वास अजून नखांत आहे.
लिपी दोस्ताची. नमुन्याचा कागद खिळ्याला टांगलेला.
एक अक्षर उताणं पडलेलं झुरळ, सहाही पाय वर.
एक त्रिशूळ, दांडा नसलेला.
एक इंग्रजी आर, आरशात बघणारा.
एकाच ओळीचा अर्थ आम्हाला ठाऊक होता: ही बाजू वर.
बाकीचं मामा विचारायचा नाही.
म्हणायचा, "वाचता आलं की हात थांबतो."

आत काय, ते क्रेनची साखळी सुटली त्या दुपारी कळलं.
एका पेटीतून बूट सांडले, सगळे डाव्या पायाचे.
उजवे दुसऱ्या बोटीने, चोरी होऊ नये म्हणून.
दुसरी पेटी आपटली, पण फुटली नाही.
शंभर माणसं होती तिथेच उभी राहिली.
मग हसन मुकादम हळूच म्हणाला,
"हिच्यात मौलाने कापूस भरला वाटतं,"
आणि सगळे हसले, फार मोठ्याने, फार वेळ.

घरी मामी रेशनच्या तांदळातले खडे वेचायची.
"तुमच्या दोस्ताला भात लागतो का हो?"
मामा गप्प.
बाहेर दिवे काळ्या टोप्या घालून उभे,
आणि तो अंधारात, हवेत,
बोटाने झुरळ काढत बसायचा, पाय बरोबर येईस्तोवर.

एकदा मी पत्रा उलटा धरला.
चाळीस पेट्या.
मामाच्या लक्षात आलं तोवर बोट प्राँग्जच्या दीपस्तंभापलीकडे.
मला मारलं नाही त्याने. मारलं असतं तर बरं.
"ते ओळ वाचणार," म्हणाला, "आणि पेटी पालथी करणार."
त्यानंतर रोज इराण्याकडे पेपर,
चहा न घेता, उभ्याउभ्याच:
दोस्ताकडे कुठे काही फुटलं का?
रोजच फुटत होतं.
त्यातलं आपलं कुठलं, ते काही छापत नव्हते.

लढाई संपली. दारूखान्यात भंगाराच्या ढिगात
बोटीच्या पोटातून काढलेल्या फळ्या विकायला आल्या,
मामीला मांडणी करायची होती.
तिसरी की चौथी फळी मी उचलली
आणि माझ्याच हातची ती ओळ, उताणी, माझ्याकडे बघत.
शेजारी कुणीतरी कोळशाने बाण काढलेला.
बरोबर दिशेला. थोडा वाकडा.

बसऱ्याचा हमाल असेल. बर्फातला शिपाई असेल.
मामाने अंगठा फिरवला, अंगठा काळा झाला.
"पेंटर नव्हे हा," म्हणाला. "घाईत होता."
मग पहिल्यांदाच, तीन वर्षांत, मोकळा श्वास सोडला:
"म्हणजे त्यांनी पेटी सुलटी केली रे.
म्हणजे माल नीट पोचला.
म्हणजे जिथे फुटायचं तिथेच फुटला असणार, नीट, बरोबर..."

आणि पुढचा शब्द त्याला येईना.
भंगारवाल्याने दोनदा भाव सांगितला.
मामा अंगठ्याकडे बघत होता.